घडीव भाषेची वंशावळ

एखादा मनुष्य नवी भाषा घडवावयास बसला की शब्दांच्या आधी त्याच्यापुढे एक विचित्र प्रश्न उभा राहतो. ही भाषा आली कोठून? खऱ्या भाषेला हा प्रश्न पडत नाही. तिच्या अंगावर भूतकाळ असतोच. घडीव भाषेला मात्र भूतकाळही घडवावा लागतो, आणि माझ्या मते तिची खरी परीक्षा व्याकरणात होत नाही, ती या भूतकाळाच्या कारागिरीत होते.

जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज पंडिताने हे काम जितक्या निष्ठेने केले तितके क्वचितच कोणी केले असेल. १९३१ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्याने आपल्या या छंदाला 'गुप्त व्यसन' म्हटले. पुढे १९५४-५५ मध्ये त्याची प्रचंड कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत यक्षांसारख्या एका जातीच्या तोंडी दोन भाषा आहेत. एकीत झाडाला 'अल्दा' म्हणतात, दुसरीत 'गलध'. दोन्ही शब्द 'गलदा' या एकाच कल्पित पूर्वरूपातून झिजत आलेले आहेत; एकीने आरंभीचा 'ग' गमावला, दुसरीने शेवटचा स्वर. 'हस्त' पासून आपला 'हात' आणि हिंदीचा 'हाथ' ज्या वाटेने आले त्याच वाटेने. टोल्किनने आपल्या भाषेला नुसते मूळ दिले असे नव्हे. त्या मुळापासून आजच्या रूपापर्यंत येताना जिभांनी काय मोडले, काय गिळले, याचाही हिशेब दिला. मूळ सांगणे सोपे आहे. झीज दाखविणे कठीण. आणि भाषेचा इतिहास म्हणजे बहुतांशी झिजेचा इतिहास.

हे सारे परक्या देशातले झाले. परंतु घडीव भाषा पाहण्यासाठी यक्षलोकात जाण्याची गरज नाही. गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरमध्ये घरपट्टीची पावती किंवा तहसिलीतून आलेले एखादे पत्र हातात घ्या. ती भाषा तुमच्या हातातच आहे. मराठीतील सर्वांत मोठी, सर्वांत सरकारी इतमामाने घडविलेली भाषा म्हणजे आपली कचेरीची मराठी. ती कोणाच्या आईची भाषा नाही. ती टेबलाभोवती बसून, कोश पुढे ठेवून रचली गेली, आणि रचणारांनी तिला एक भारदस्त भूतकाळही दिला. तो भूतकाळ कितपत टिकाऊ ठरला, एवढेच मला येथे तपासावयाचे आहे.

या उद्योगाचा आरंभ शिवछत्रपतींपाशी होतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची फारसी नावे पालटली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्याच सुमारास रघुनाथपंडित हणमंते यांच्या नावावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' संस्कृत श्लोकांतून रचला गेला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजकीय हेतू स्वच्छ होता. हे राज्य कोणाच्या सुभेदारीतून फुटून निघालेले नाही, त्याची वंशपरंपरा वेगळी आहे, हे शब्दांनी बोलून दाखवावयाचे होते. भाषेच्या पूर्वजांची निवड ही राजाच्या पूर्वजांच्या निवडीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे हे ज्याला कळले, त्या राजाच्या दृष्टीचे कौतुक वाटते.

पण पुढे काय झाले पाहा. पंतप्रधान हे नाव मुद्रेवर राहिले, आणि शंभर वर्षे सारा हिंदुस्थान त्या पदाला पेशवा म्हणूनच ओळखत होता. सुमंत नावापुरता उरला. उलट सचिव, अमात्य, प्रतिनिधी हे शब्द जगले. ते कोशामुळे नव्हेत, तर भोरला पंतसचिव होते, बावड्याला पंतअमात्य होते, औंधला पंतप्रतिनिधी होते म्हणून. शब्दाला घर मिळाले, वतन मिळाले, भांडणे मिळाली. विसाव्या शतकात इंग्रजी सेक्रेटरीसाठी शब्द हवा झाला तेव्हा 'सचिव' हा शब्द केवळ संस्कृत म्हणून नव्हे, मराठ्यांच्या दप्तरात वापरलेला म्हणून हाताशी होता. आणि ज्या पंतप्रधानाला पेशव्याने झाकून टाकले होते तो तीनशे वर्षांनी दिल्लीच्या खुर्चीसाठी मराठी वर्तमानपत्रांत पुन्हा उभा राहिला. मी याला शब्दाचे बालपण म्हणतो. वंशावळ कागदावर लिहिता येते, बालपण मात्र अंगणातच जावे लागते.

दुसरी पिढी विसाव्या शतकातली. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीचा झेंडा उभारला. दिनांक, क्रमांक, महापौर, चित्रपट, दिग्दर्शक, हुतात्मा असे कितीतरी शब्द त्यांच्या नावे सांगितले जातात. त्यांच्या बाजूला एक फार वेधक माणूस उभा होता: माधव जूलियन. १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचणारा, रुबाया मराठीत आणणारा, गझल रुजविणारा हा कवी पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहितो आणि आपल्या स्वतःच्या कवितांतून फारसी शब्द वेचून काढतो. आपल्याच कवितेचा भूतकाळ बदलणारा कवी आपल्या वाङ्मयात दुसरा मला आठवत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण शब्द हा कवितेत पाहुण्यासारखा बसलेला नसतो, त्याला उठविले की बैठकच मोडते.

त्या पिढीच्या शब्दांपैकी 'हुतात्मा' हा शब्द मला सर्वांत बोधप्रद वाटतो. हुत आणि आत्मा. रचना निर्दोष, पण अशा निर्दोष रचना शेकड्यांनी पडून आहेत. या शब्दाला जीव कोठे आला? १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे पडली, आणि त्यांना काय म्हणावे हा प्रश्न शाहिरांना, सभांना, घरोघरच्या बायामाणसांना पडला. शब्द तयार होता. रक्त त्या चौकाने दिले. आमच्या विदर्भात त्या चळवळीविषयी मतभेद होते आणि आहेत, पण या शब्दाविषयी ते नव्हते. 'आकाशवाणी'चेही तसेच. रेडिओला हा शब्द शोभला, कारण कीर्तनात बसलेल्या निरक्षर म्हातारीलाही कंसाला झालेली आकाशवाणी पाठ होती. तिथे शब्दाचे बालपण हजार वर्षे आधीच होऊन गेले होते.

याच दोन शब्दांशेजारी 'दिनांक' ठेवा. शब्द वाईट नाही. अर्जावर, धनादेशावर, निमंत्रणपत्रिकेवर तो सुखाने बसला आहे. पण तो बसलेलाच आहे, चालत नाही. कोर्टात दिनांक पडत नाही, तारीखच पडते. लग्नाचा दिनांक कोणी काढीत नाही. ज्याच्यावर कोणाची वाट पाहण्याची वेळ आली त्याच्या तोंडी 'तारीख' येते. हा भेद शुद्धाशुद्धाचा नाही. एका शब्दाने माणसांबरोबर उन्हात उभे राहून दिवस काढले आहेत, दुसऱ्याने नाहीत.

तिसरी पिढी नागपूरची, म्हणून ती आम्हांला जवळची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात. फाळणीच्या थोडे आधी डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरास आले. पुढची सुमारे दहा वर्षे त्यांचे कोशकार्य येथूनच चालले, आणि प्रांताच्या हिंदी-मराठी राज्यकारभारासाठी शब्द हवे असता त्यांच्या पद्धतीचा मोठा दबदबा होता. पद्धत अशी: संस्कृतात धातू पाचशे वीस, उपसर्ग वीस, प्रत्यय ऐंशी, यांची जुळवाजुळव केली की लाखो शब्द निघतात, जगातील कोणतीही संकल्पना उरत नाही. 'कंठलंगोट' वगैरे थट्टा पुढे लोकांनी त्यांच्या माथी मारली. त्या थट्टेत मला रस नाही, कारण विनोदाने टीकेचे काम केले की टीका आळशी होते. त्यांची विद्वत्ता प्रचंड होती, आणि विधि, विधेयक, संविधान, वैध, अवैध अशी एका कुळातली मालिका पाहिली की पद्धतीचे बळही दिसते. इंग्रजीत हेच अर्थ चार घरांतून गोळा करावे लागतात.

तरीही या गणितात एक मूलभूत चूक आहे असे मला वाटते. धातू हा शब्दाचा इतिहास नव्हे. तो वैयाकरणाने शब्द उकलून काढलेला अवशेष आहे. लोकांनी कधी धातू बोलले नाहीत. लोक शब्द बोलले, वैयाकरणांनी नंतर त्यांतून धातू काढले. अवशेषांना प्रत्यय लावून मागे जाता येत नाही. टोल्किनने मूळ कल्पिले आणि मग ते निर्दयपणे झिजविले; रघुवीरांनी खरे मूळ घेतले आणि त्याला झिजूच दिले नाही. परिणाम उलटा झाला. कल्पित भाषेतला 'गलध' जुना वाटतो, आणि तीन हजार वर्षांच्या मुळापासून काढलेली 'अनुज्ञप्ती' काल छापखान्यातून आल्यासारखी वाटते.

शिवाय वंशावळीच्या शुद्धतेचा जो अभिमान, त्याखाली जमीन किती पोकळ असते याचा एक नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरकारी मराठीने 'कारकून' हा फारसी म्हणून बाजूला सारला आणि 'लिपिक' आणला. लिपिक म्हणजे लिपीशी संबंध असलेला. पाणिनीच्या सूत्रांतही लिपिकर आहे. सारे अस्सल. परंतु 'लिपि' हा शब्दच वेदांत नाही. अशोकाच्या वायव्येकडील शिलालेखांत, शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे, लेखाला 'दिपि' म्हटले आहे; आणि हा 'दिपि' प्राचीन इराणी सम्राटांच्या कोरीव लेखांतला शब्द आहे. त्याच्याही मागे गेले तर तो एलाम, अक्कड करीत सुमेरच्या मातीच्या विटांपर्यंत पोहोचतो असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गंमत पुढेच आहे. त्याच इराणी 'दिपि'पासून लेखनिक या अर्थी 'दबीर' झाला, आणि तोच आपल्या अष्टप्रधानांतला डबीर. म्हणजे १६७४ साली ज्या डबिराला यावनी म्हणून निरोप दिला, त्याचाच सख्खा चुलतभाऊ लिपिक म्हणून तीन शतकांनी शुद्धतेच्या दाराने आत आला आणि आता तालुक्याच्या कचेरीत बसला आहे. मला या दोघांचीही गैर वाटत नाही. एवढेच म्हणावयाचे की ज्या कुळाचा पुरावा मागितला गेला त्या कुळाने स्वतःच कधी पुरावा जपला नव्हता.

चौथी पिढी महाराष्ट्र राज्याची. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये 'पदनाम कोश' आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे बारसे केले. या कोशाची चेष्टा करणे ही आपल्याकडे एक वार्षिक प्रथा झाली आहे, तेव्हा त्याची बाजूही सांगतो. राज्यकारभार मराठीत आणावयाचा तर हजारो पदांना रातोरात नावे हवी होती. लोकांनी घडवावीत म्हणून पन्नास वर्षे थांबता येत नव्हते. संचालक, आयुक्त, अभियंता, अधीक्षक हे शब्द आज कोणाला खटकत नाहीत. आणि व्यवहारात जिंकले कोण? 'जिल्हाधिकारी': अर्धा अरबी, अर्धा संस्कृत, म्हणजे संकरच. तहसीलदार जागचा हलला नाही. महसूल खात्याचे नाव आजही महसूल आहे. कोशकारांनी जेथे हात आखडता घेतला तेथेच त्यांची जाण दिसते, असे माझे मत आहे.

आता फुलचूरकडे येतो, कारण घडीव भाषेची किंमत शेवटी तिच्या वाचणाराला मोजावी लागते. आमचा मुलूख धानाचा. येथे शेताला बांधी म्हणतात, तिच्या काठाला धुरा, रोपांना पऱ्हे, लहान तळ्याला बोडी. बोली झाडीची, 'पाणी'चे 'पानी' होते, 'डोळा'चा 'डोरा'. प्रमाण मराठी ही येथे आधीच शिकून घेतलेली भाषा आहे, आणि कचेरीची मराठी तिच्यावर चढविलेला दुसरा मजला. नोटिशीत 'सदर अनुज्ञप्तीच्या नूतनीकरणाकरिता विहित मुदतीत अनुपालन न केल्यास' असे वाक्य आले की चांगला शिकलेला माणूसही ते शेजाऱ्याकडे घेऊन जातो. त्याला शब्द अवघड वाटतात एवढेच नाही. त्या वाक्यात करणारा कोण आणि भोगणारा कोण हेच दिसत नाही. मुदत कोणी विहित केली? पालन कोणी करावयाचे? न केल्यास काय होणार, ते पुढल्या पानावर. हे वाक्य ज्याच्या जमिनीवर येऊन पडते त्याला ते वाकविण्याचा अधिकार नाही.

आणि झिजेचे मर्म येथेच आहे. शब्दाला भूतकाळ केव्हा येतो? जेव्हा वापरणाराला तो मोडण्याची मुभा असते. 'लायसन्स'चे 'लायसन' झाले, 'स्टेशन'चे 'टेसन' झाले, कारण इंग्रजी मोडताना आपल्या माणसाला लाज वाटली नाही. साहेब दूर होता. 'अनुज्ञप्ती' मोडावयास कोणी धजत नाही, कारण ती संस्कृत आहे आणि तिच्या मागे लेखणी घेऊन कोणी बसला आहे. म्हणून लोक तिला हात न लावता वळसा घालून जातात. एकूण शुद्ध शब्दाला त्याच्या शुद्धतेनेच कोंडून ठेवले.

याच्या उलट एक शब्द आमच्या जिल्ह्यांनी कोणाच्याही देखरेखीशिवाय घडविला. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी या भागात हजारो तलाव बांधले. इंग्रजी अमलात ते मालगुजारांकडे होते, म्हणून मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि दप्तरात त्यांच्या नावामागे 'माजी' लागले: माजी मालगुजारी तलाव. रोज एवढे कोण लिहिणार? 'मा. मा. तलाव' झाले. मग टिंबे गळली. आज तो मामा तलाव आहे. लोकांच्या तोंडी मामा तलाव, वर्तमानपत्रांत मामा तलाव, शासनाच्या योजनांतही मामा तलाव. बाहेरून आलेला पाहुणा विचारतो, कोणाच्या मामाचा? अरबी 'माजी', अरबी-फारसी 'मालगुजार', त्यावर सरकारी संक्षेप, आणि अखेर आईच्या भावाचे नाते. एक राजवट, एक सारावसुली, एक कायदा आणि कारकुनाचा कंटाळा, इतके सारे दोन अक्षरांत साठले आहे. टोल्किनला हा शब्द सापडला असता तर त्याने त्याच्यावर एक प्रकरण लिहिले असते. आमच्या कोशांत त्याची नोंद व्हावयाची ती 'संक्षेप' म्हणून.

कोशकारांकडे माझे एक मागणे आहे, आणि ते शब्द वगळण्याचे किंवा घालण्याचे नाही. घडीव शब्दापुढे 'सं.' असे लिहून थांबू नये. त्याचे जन्मवर्ष लिहावे, कोणी घडविला ते ठाऊक असल्यास लिहावे, आणि कोणता शब्द उठवून त्याला बसविले तेही लिहावे. 'हुतात्मा' तरुण आहे हे सांगण्यात त्याचा अपमान नाही. 'लिपिक' पुढे कारकून, दबीर आणि अशोकाचा दिपिकर असे सारे भाऊबंद एका ओळीत उभे राहिले तर कोश वाचनीयही होईल. आज मात्र कोश उघडला की कालचे आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे शब्द एकाच वयाचे होऊन समोर येतात, आणि शिकणाऱ्या पोराला वाटते की ही भाषा अशीच आकाशातून उतरली, तिला बोट लावणे पाप आहे.

जमिनीचे दप्तर ठेवणारा आमच्याकडे पूर्वी पटवारी होता. महाराष्ट्रात आल्यावर तो तलाठी झाला. अलीकडे शासनाने त्याला ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे. फुलचूरच्या धुऱ्यावर उभे राहून कोणालाही विचारा, सातबारा कोणाकडे मिळेल. तो म्हणेल, पटवाऱ्याकडे.